संगणकावरील मृगया : वास्तव किती आणि खेळ किती?

१. प्रश्नाचे स्वरूप

शिकार हा विषय आपल्या साहित्याला नवा नाही. परंतु आजच्या तरुण वाचकाला तो ज्या रूपात भेटतो ते रूप मात्र सर्वस्वी नवे आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर कडक निर्बंध आले, आणि १९९१ च्या दुरुस्तीने हौसेखातर करावयाच्या शिकारीचे उरलेसुरले दारही बंद झाले. महाविद्यालयात शिकणाऱ्या विद्यार्थ्याने आज प्रत्यक्ष शिकार पाहिलेली नसते, आणि पाहिलेली नसावी हेच योग्य. तथापि वारा कोणत्या बाजूने वाहतो ते पाहून हरणाच्या मागावर कसे जावे, ताजा ठसा आणि शिळा ठसा यांत फरक कोणता, जखमी सावजाच्या रक्ताच्या रंगावरून काय ओळखावे, हे त्याला ठाऊक असण्याचा पुष्कळ संभव आहे. हे ज्ञान त्याला व्हिडिओ गेममधून मिळालेले असते.

यांपैकी ज्या खेळांना 'ओपन वर्ल्ड' म्हणजे मुक्त विश्वाचे खेळ म्हणतात, त्यांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. मुक्त विश्व म्हणजे असे की, खेळाडूला एका ठरीव वाटेने पुढे ढकलले जात नाही. डोंगर, ओढे, कुरणे आणि झाडी असलेला एक विस्तीर्ण प्रदेश त्याच्यापुढे पसरलेला असतो. कोठे जावे, केव्हा थांबावे आणि काय करावे हे त्याने ठरवावयाचे असते. अशा खेळांविषयी दोन मते नेहमी ऐकू येतात. एक मत असे की, खेळ जितका वास्तवाच्या जवळ तितका चांगला. दुसरे मत असे की, वास्तव वाढले की खेळ कंटाळवाणा होतो, म्हणून वास्तवाला आवर घालावा. ही दोन्ही मते वास्तव ही एकच आणि मोजता येण्यासारखी वस्तू आहे असे गृहीत धरतात. ते गृहीत तपासून पाहणे हा या लेखाचा हेतू आहे.

विवेचनाच्या सोयीसाठी वास्तवाचे तीन प्रकार मानू. पहिले दृश्याचे वास्तव : झाड झाडासारखे दिसणे, पाऊस पावसासारखा पडणे. दुसरे कृतीचे वास्तव : शिकाऱ्याला जे करावे लागते ते, किंवा त्याला समांतर असे काही, खेळाडूला करावे लागणे. तिसरे परिणामाचे वास्तव : केलेल्या कृतीचे फळ त्या विश्वात उरणे. माझे प्रतिपादन असे की, खेळाची गोडी मुख्यतः दुसऱ्या प्रकारावर अवलंबून असते, आणि त्याचा खरेपणा तिसऱ्यावर. पहिल्या प्रकाराची चर्चा सर्वांत अधिक होते. पण त्याचे महत्त्व सर्वांत कमी आहे.

२. थोडा इतिहास

दृश्याचे वास्तव जवळजवळ शून्य असतानाही शिकारीचा खेळ उभा राहू शकतो, याचा पुरावा या प्रकाराच्या आरंभीच सापडतो. १९७१ साली अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात डॉन रॅविच, बिल हाइनमन आणि पॉल डिलनबर्गर या तीन शिक्षक-विद्यार्थ्यांनी इतिहासाच्या तासासाठी 'ऑरेगन ट्रेल' हा खेळ रचला. त्यात चित्र मुळीच नव्हते. टेलिटाइप यंत्रावर अक्षरे उमटत. शिकार करावयाची म्हणजे 'बँग' हा शब्द शक्य तितक्या लवकर टंकित करावयाचा. जितका वेळ कमी, तितकी शिकार चांगली. पुढे १९८५ च्या आवृत्तीत पडद्यावर प्राणी धावू लागले. पण त्या आवृत्तीतील लक्षात राहण्यासारखी गोष्ट वेगळीच होती. खेळाडूने कितीही प्राणी मारले तरी गाडीपर्यंत शंभर पौंडांहून अधिक मांस नेता येत नसे. उरलेले वाया गेले, हे खेळ त्याला दर वेळी सांगे. चित्र ओबडधोबड असूनही परिणामाचे वास्तव त्यात आले होते.

१९८४ साली जपानमध्ये निन्टेन्डो कंपनीचा 'डक हंट' आला. त्यात पडद्यावर उडणारी बदके नकली बंदुकीने टिपावयाची असत. हा नेमबाजीचा खेळ होता. त्यात शिकारीचे फक्त सोंग होते. १९९७ साली अमेरिकेत 'डियर हंटर' हा स्वस्त खेळ निघाला आणि जाणकारांना अनपेक्षित वाटेल असा खपला. त्यात नकाशावर जागा निवडावयाची, खुणा शोधावयाच्या आणि मग दबा धरून बसावयाचे, असा क्रम होता. येथे प्रथमच वाट पाहणे हा खेळाचा भाग झाला. मुक्त विश्वाचे खेळ पुढे याच पायावर उभे राहिले. २०१२ चा 'फार क्राय ३', २०१७ चा स्वीडनमधील 'द हंटर : कॉल ऑफ द वाइल्ड', २०१८ चा 'रेड डेड रिडेम्प्शन २' आणि २०२२ चा स्लोव्हाकियातील 'वे ऑफ द हंटर' ही त्यांतली ठळक नावे होत.

३. सेनापती आणि विदूषक

खेळात शिकारीचे काय घ्यावे आणि काय सोडावे, हा प्रश्न समजून घेण्यास कालिदासाच्या शाकुंतलाचा दुसरा अंक फार उपयोगी पडतो. त्या अंकाच्या आरंभी विदूषक मृगयेची गाऱ्हाणी गातो. उन्हाळ्यातील भर दुपारी विरळ सावलीच्या रानातून वणवण करावी लागते. पाने कुजून कडवट झालेले ओढ्याचे कोमट पाणी प्यावे लागते. जेवणाला वेळ नाही. घोड्यामागे धावून सांधे खिळखिळे झाले, आणि रात्री धड झोप येत नाही तोच पहाटे पारध्यांच्या गलक्याने जाग येते. त्याच अंकात सेनापती मृगयेची स्तुती करतो. शरीर हलके आणि चपळ होते; भय आणि क्रोध यांच्या प्रसंगी प्राण्यांच्या चित्तात काय चालते ते कळते; हलणाऱ्या लक्ष्यावर बाण लागला म्हणजे धनुर्धराचे सार्थक होते; अशा मृगयेला लोक उगाच व्यसन म्हणतात, असे त्याचे म्हणणे.

संगणकावरील शिकार म्हणजे बहुतांशी सेनापतीने केलेली निवड होय. प्राण्याचे मन ओळखणे आणि चल लक्ष्याचा वेध घेणे या दोन गोष्टी खेळाने उचलल्या. विदूषकाचे कडवट पाणी, मोडलेली झोप आणि दुखणारे सांधे गाळले. हे गाळणे सकारण आहे. प्रत्येक खेळ काही तरी गाळतोच. हाइझिंगा या डच विचारवंताने १९३८ च्या आपल्या ग्रंथात क्रीडेचे एक लक्षण सांगितले आहे, ते असे की ती नेहमीच्या जीवनापासून वेगळ्या आखलेल्या जागी आणि ठरावीक काळात चालते. आखलेली जागा म्हटली की काही आत येणार आणि काही बाहेर राहणार. तेव्हा खेळकर्त्याने काही गाळले अशी तक्रार करण्यात अर्थ नाही. गाळताना त्याने कोणती कसोटी लावली, हे पाहिले पाहिजे.

उत्तम खेळांत ती कसोटी ढोबळमानाने अशी दिसते : जी अडचण खेळाडूपुढे निर्णय ठेवते ती राखावी, जी नुसता वेळ आणि त्रास मागते ती गाळावी. वारा फिरला, आता वळसा घालून जावे की आहे तेथेच दबून राहावे, हा निर्णय आहे; म्हणून वारा राहिला. जळू चावली, यात निर्णय नाही. म्हणून जळू गेली.

४. कृतीचे वास्तव : माग काढणे

'मृगया' या शब्दाच्या मुळाशी असलेल्या मृग् या संस्कृत धातूचा अर्थ शोधणे असा आहे. मराठीत आपण 'माग काढणे' म्हणतो. मारण्याच्या आधी शोधणे येते, हे त्या शब्दातच सुचवलेले आहे. आमच्या कन्नड विभागाच्या वाचकांचा 'बेटे' हा शब्दही याच व्यवहाराचा. 'कॉल ऑफ द वाइल्ड' या खेळाने शिकारीचा हा शोधाचा भाग मध्यवर्ती केला, हे त्याचे वैशिष्ट्य होय.

या खेळातील एक प्रसंग पाहू. खेळाडू जंगलात उतरतो तेव्हा बहुधा त्याला काहीच दिसत नाही. चालता चालता जमिनीवर एक ठसा आढळतो. तो कोणत्या प्राण्याचा, किती ताजा, प्राणी चालत होता की पळत होता, हे तपासावयाचे. दुसरा ठसा मिळाला की दिशा कळते. प्रत्येक जातीच्या प्राण्यांच्या चरण्याच्या, पाणी पिण्याच्या आणि विश्रांतीच्या जागा ठरलेल्या असतात आणि वेळाही ठरलेल्या असतात. त्या जागा एकदा कळल्या की पाठलाग करण्याऐवजी आधीच जाऊन बसता येते. उभे राहून चालल्यास पावलांचा आवाज अधिक होतो, रांगल्यास कमी होतो. गवत कोरडे की ओले यानेही फरक पडतो. वारा खेळाडूकडून प्राण्याकडे वाहत असेल तर गंध पोहोचतो आणि कळप उधळतो. अशा रीतीने अर्धा तास घालवून शेवटी एक गोळी झाडावयाची, आणि तीही चुकू शकते.

बंदुकीचा चाप ओढण्याची कृती येथे क्षणाची आहे. खेळ घडतो तो त्या आधीच्या अर्ध्या तासात. वाट पाहणे वरवर निष्क्रिय वाटले तरी ते तसे नाही. समोर मादी उभी आहे, तिच्यामागे झाडीत नर असू शकेल, थांबावे का, हा विचार त्यात सतत चालू असतो. म्हणूनच वाट पाहण्याची अडचण आपल्या कसोटीस उतरते.

आता याच खेळातील उघड अवास्तव गोष्टी पाहा. जमिनीवरचे ठसे ठळक रंगात चमकतात. खेळाडूजवळ एक छोटे यंत्र असते. ते कानावर आलेली साद कोणत्या प्राण्याची हे लिहून दाखवते. वाऱ्याची दिशाही खुणेने दाखविली जाते. खऱ्या रानात असे काही नसते. वास्तवाचा कट्टर पुरस्कर्ता याला दोष म्हणेल. परंतु खेळाडूची स्थिती ध्यानात घ्या. तो खुर्चीवर बसला आहे. गालावर वारा लागत नाही, नाकाला वास येत नाही, पायाखालची माती त्याला चाचपता येत नाही. पाच इंद्रियांपैकी दोनच त्याच्यापाशी आहेत, आणि तीही पडद्याच्या चौकटीत. ज्या ज्ञानाने निर्णय घ्यावयाचा ते ज्ञानच नसेल तर निर्णय उरत नाही, नुसता नशिबाचा भाग उरतो. हरवलेल्या इंद्रियांच्या बदली खेळाने खुणा दिल्या. खूण खोटी आहे. पण तिच्या आधाराने घेतलेला निर्णय खऱ्या शिकाऱ्याच्या निर्णयाशी समांतर आहे. रंगभूमीवर स्वगत मोठ्याने बोलले जाते, ते काही कोणी घरी बोलत नाही. पण त्यामुळे पात्राचे मन कळते. त्यातलाच हा प्रकार होय. अभ्यस्त खेळाडूला या खुणा कमी करावयाची मुभा 'वे ऑफ द हंटर' मध्ये दिलेली आहे.

५. कातडे, पिशवी आणि घोडा

याच्या उलट टोकाला 'फार क्राय ३' ठेवता येईल. त्यात एका बेटावर अडकलेला तरुण प्राणी मारून त्यांच्या कातड्याच्या पिशव्या, बंदुकीची म्याने आणि पैशाची पाकिटे शिवतो. अधिक पैसे जवळ ठेवावयाचे तर पाकीट मोठे हवे, आणि मोठ्या पाकिटासाठी अमुक प्राणीच मारला पाहिजे असा नियम. दृश्याच्या दृष्टीने हा खेळ देखणा आहे. पण त्यात प्राणी म्हणजे चालतेफिरते दुकान आहे. त्याचा स्वभाव जाणण्याची गरज पडत नाही. कातडे मिळाले की काम झाले. दृश्याचे वास्तव भरपूर असूनही कृतीचे वास्तव अल्प कसे असते, याचे हे उदाहरण.

'रेड डेड रिडेम्प्शन २' ची कथा १८९९ सालच्या अमेरिकेतील काल्पनिक राज्यांत घडते. येथे शिकार हा कथेतील अनेक व्यवहारांपैकी एक आहे. कातड्याची प्रत तीन ताऱ्यांनी दाखविली जाते. पक्ष्याला मोठी गोळी मारली तर त्याच्या चिंधड्या होतात आणि हाती काही लागत नाही. हरणाला हलके हत्यार वापरले तर ते जखमी होऊन तडफडते. एकाच अचूक घावात प्राणी पडला तर कातड्याची प्रत राहते. त्यानंतर नायक वाकून कातडे सोलतो. ते दृश्य प्रत्येक वेळी पाहावे लागते. मोठे कलेवर खांद्यावर घेऊन घोड्यावर टाकावे लागते, कपडे रक्ताने माखतात, आणि विलंब झाला तर न सोललेले कलेवर सडते.

या संथपणावर पुष्कळ खेळाडू नाराज झाले. आपल्या मघाच्या कसोटीने पाहता त्यांची तक्रार रास्त वाटते, कारण सोलण्यात निर्णय कोणताच नाही. तरी येथे ती कसोटी थोडी अपुरी पडते, असे मला वाटते. सोलण्याचे ते दृश्य खेळाडूला पुढचा निर्णय घेताना आठवते. एक कलेवर घोड्यावर असताना दुसरे हरीण दिसले तर तो बंदूक उचलण्यापूर्वी थबकतो, कारण नेण्यास जागा नाही. 'ऑरेगन ट्रेल' मधील शंभर पौंडांची मर्यादा येथे घोड्याच्या पाठीच्या रूपाने परत आली आहे. याउलट 'कॉल ऑफ द वाइल्ड' मध्ये प्राण्याजवळ जाऊन एक कळ दाबली की कलेवर नाहीसे होते आणि गुण मिळतात. शोधाच्या बाबतीत जो खेळ इतका काटेकोर, तो मृत्यूनंतरच्या कष्टाच्या बाबतीत मोकळा आहे.

एक गोष्ट मात्र दोन्ही खेळांत समान आणि प्रशंसनीय आहे. मर्मस्थानी एकच घाव, प्राण्याच्या आकाराला योग्य असेच काडतूस, आणि जखमी सावजाचा रक्तावरून माग काढून त्याला गाठणे, हे जबाबदार शिकाऱ्याचे जुने नियम होत. प्राण्याचे हाल होऊ नयेत हा त्यांचा उद्देश. खेळांनी हेच नियम गुणांत बदलले. नीतीने जे करावे तेच केल्याने खेळातही लाभ होतो. उपदेशाचा एक शब्दही न बोलता नियमांच्या रचनेतून केलेला हा संस्कार आहे, आणि गेमप्ले म्हणजे खेळाची घडण काय करू शकते याचा तो चांगला नमुना आहे.

६. परिणामाचे वास्तव

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. खऱ्या जंगलात एक प्राणी मारला म्हणजे एक प्राणी कमी होतो. ही इतकी साधी गोष्ट; पण शिकारीच्या खेळांत नेमकी तीच बहुधा नसते. मारलेल्या प्राण्याच्या जागी काही काळाने दुसरा येतो. कोठार कधी रिकामे होत नाही. दुर्मिळ आकाराचा किंवा रंगाचा प्राणी मिळावा म्हणून काही खेळाडू एकाच जागी एकाच जातीचे प्राणी शेकड्यांनी मारीत राहतात, कारण नवा येणारा प्राणी कदाचित हवा तसा निघेल. वाऱ्याची झुळूक ज्या विश्वात हिशेबात धरली जाते, तेथे मृत्यू हिशेबात धरला जात नाही.

याची जाणीव खेळकर्त्यांना नाही असे म्हणता येणार नाही. 'कॉल ऑफ द वाइल्ड' मध्ये एकाच ठिकाणी वारंवार गोळ्या झाडल्यास त्या जागेवर शिकारीचा ताण वाढतो आणि कळप ती जागा सोडून जातात. हा परिणाम खरा आहे. परंतु तो जागेपुरता आहे, संख्येला तो शिवत नाही. 'वे ऑफ द हंटर' ने एक पाऊल पुढे टाकले. त्यात कळपाला पिढ्या आहेत आणि आनुवंशिकता आहे. भारदस्त शिंगांचा तरुण नर आजच मारला तर त्याचे गुण पुढच्या पिढीत उतरत नाहीत आणि कळपाची प्रत घसरते. म्हाताऱ्या वा कमकुवत नराला काढले तर कळप सुधारतो. तेव्हा खेळाडूला दुर्बिणीतून वय ओळखावे लागते, आणि पुष्कळदा न मारता परतावे लागते. बंदूक खाली ठेवणे हा येथे उत्तम खेळीचा भाग आहे. परिणामाचे वास्तव वाढविले म्हणून गेमप्ले कमी झाला नाही. उलट एक नवा आणि अधिक अवघड निर्णय खेळात आला. वास्तव आणि खेळ हे एका तराजूचे दोन पारडे आहेत, या समजाला यामुळे चांगलाच धक्का बसतो.

परंतु या संदर्भात सर्वांत मार्मिक उदाहरण २०१० च्या मूळ 'रेड डेड रिडेम्प्शन' मधील आहे. त्या खेळाची कथा १९११ सालची. त्याच्या विस्तीर्ण माळरानावर गव्यासारखे भारदस्त अमेरिकन बायसन चरताना दिसतात. त्यांची संख्या अवघी वीसच्या आसपास. इतर प्राणी मारले तरी पुन्हा येतात. हे येत नाहीत. शेवटचा बायसन मारला की खेळाडूला एक पारितोषिक मिळते. त्याचे नाव 'मॅनिफेस्ट डेस्टिनी'. एकोणिसाव्या शतकात पश्चिमेकडील सारी भूमी पादाक्रांत करणे हे आपले दैवी विधिलिखित आहे, असे मानणाऱ्या अमेरिकन विचाराचे हे नाव. आणि त्यानंतर ते माळरान रिकामेच राहते.

या रिकामेपणामागे इतिहास आहे. उत्तर अमेरिकेच्या माळांवर एके काळी तीन कोटींहून अधिक बायसन असावेत असा अंदाज केला जातो. कातड्यांचा व्यापार, लोहमार्ग आणि बायसनवर जगणाऱ्या मूळ रहिवाशांना नमविण्याचे धोरण यांमुळे त्यांची अमर्याद कत्तल झाली. १८८९ साली विल्यम हॉर्नडे यांनी मोजदाद केली तेव्हा पाळलेले धरूनही त्यांची संख्या हजाराच्या आसपास उरली होती. हा इतिहास वर्गात ऐकणे वेगळे, आणि आपल्याच हाताने रिकामे केलेले माळरान खेळ संपेपर्यंत ओलांडत राहणे वेगळे. त्या जागी खेळकर्त्यांनी फक्त एक नेहमीचा नियम काढून घेतला. एवढ्याने पडद्यावरील शिकार इतिहासाइतकी खरी झाली. त्यासाठी चित्रात एका गवताच्या पात्याचीही भर घालावी लागली नाही.

७. आपल्या बाजूचे जंगल

हा विचार आपल्याला दूरचा वाटू नये. २०२३ साली 'कॉल ऑफ द वाइल्ड' ला 'सुंदरपाटन' या नावाच्या एका काल्पनिक राखीव वनाची जोड देण्यात आली. ते नेपाळमध्ये कल्पिलेले असून त्यात काळवीट, नीलगाय, हिमबिबट्या आणि पट्टेरी वाघ यांची शिकार करता येते. आपल्या भागातील विद्यार्थ्याला यातले प्राणी परके नाहीत. काळवीट आणि वाघ ही तर आपल्याच रानांतील नावे.

प्रत्यक्ष नेपाळमध्ये १९७३ च्या कायद्याने वाघाला संरक्षण आहे. २००९ च्या सुमारास तेथे १२१ वाघ मोजले गेले; २०२२ मध्ये ती संख्या ३५५ झाली. भारतात २०२२ च्या गणनेनुसार वाघांची सरासरी संख्या ३,६८२ धरण्यात आली. हे आकडे वाढण्यासाठी दोन्ही देशांतील वनरक्षकांना आणि जंगलालगतच्या गावकऱ्यांना किती सोसावे लागले, ते वेगळे सांगावयास नको. नेपाळमध्ये खरोखरीचे शिकारीसाठी राखलेले एकच वन आहे : १९८७ मध्ये घोषित झालेले ढोरपाटन. तेथे मुख्यतः नाऊर या रानमेंढीची शिकार मोजक्या परवान्यांवर होते. म्हणजे खऱ्या शिकारवनाचा आरंभ गणतीपासून होतो. आधी किती आहेत ते मोजावयाचे, मग किती काढता येतील ते ठरवावयाचे. खेळातील वनात गणतीची गरजच नाही, कारण तेथे वाघ संपत नाही.

खेळात वाघ मारल्याने कोणी उद्या बंदूक घेऊन रानात जाईल, असे मी म्हणत नाही. चिंता वर्तनाची नसून ज्ञानाची आहे. ज्या पिढीला जंगलाची ओळख मुख्यतः पडद्यावरून होते, तिच्या मनात जंगल म्हणजे न संपणारे कोठार हे चित्र नकळत ठसते. त्यात आणखी एक भर अशी की, खेळातील रानात दर पाच-दहा मिनिटांनी एखादा प्राणी भेटतो. तसे न झाल्यास खेळाडू कंटाळेल. दांडेली-अणशीच्या रानात तीन तास फिरून विद्यार्थ्याच्या वाट्याला बहुधा एखादा ठसा, एखादी विष्ठा आणि पक्ष्यांचे आवाज येतात. खेळाच्या मापाने तो दिवस फुकट गेला. रानाच्या मापाने तो भरलेला दिवस आहे. फक्त त्या ठशावर समाधान मानावयास शिकले पाहिजे. गंमत अशी की, ठसा वाचण्याची आवड याच खेळाने त्याला लावलेली असू शकते. म्हणून या खेळांचा सरसकट धिक्कार करणे मला मान्य नाही. त्यांनी शोधण्याचा भाग खरा शिकवला; संपण्याचा भाग शिकवला नाही, इतकेच.

८. समारोप

वरील विवेचनाचा सारांश असा. दृश्याचे वास्तव वाढल्याने खेळ खरा होतोच असे नाही. कृतीचे वास्तव म्हणजे शिकाऱ्याच्या सर्व हालअपेष्टांची नक्कल नव्हे. त्याच्यापुढील निर्णय खेळाडूपुढे उभे करणे हे त्याचे मर्म होय, आणि त्यासाठी ठळक ठशांसारख्या खोट्या खुणाही चालतात. परिणामाचे वास्तव हे या खेळांतील सर्वांत दुबळे अंग आहे. पण जेथे ते आणले गेले तेथे खेळ अधिक रंगतदार झाला, हे 'वे ऑफ द हंटर' मधील कळपांनी आणि मूळ 'रेड डेड' मधील बायसनांनी दाखवून दिले.

साहित्याच्या विद्यार्थ्याला हा निष्कर्ष अपरिचित वाटणार नाही. वास्तववादी कादंबरी म्हणजे तपशिलांची गर्दी नव्हे, हे आपण वर्गात शिकतो. पात्राने केलेल्या कृतीचे ओझे पुढच्या प्रकरणांतून त्याला वाहावे लागते तेव्हाच ती कादंबरी आपल्याला खरी वाटते. हीच कसोटी या नव्या माध्यमालाही लागू पडते. ज्या विद्यार्थ्यांना असे खेळ खेळावयाची आवड आहे, त्यांनी पुढच्या वेळी तीन प्रश्न जवळ ठेवावेत. येथे माझ्यापुढे निर्णय कोणता आहे? तो घेण्यासाठी लागणारे ज्ञान खेळ मला कोणत्या मार्गाने देतो? आणि मी निघून गेल्यावर या रानात काय उरते? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे बहुतेक खेळ देतील. तिसऱ्याचे उत्तर ज्या खेळापाशी नसेल, त्याचे उत्तर शोधण्यासाठी खऱ्या रानाकडे, आणि रान राखणाऱ्या माणसांकडे, गेले पाहिजे.